पाटी जुनी आहे, पण गाडी कुठली? जुन्या ट्रायल्स मोटरसायकलींची गोष्ट

आज तालुक्याच्या राजकारणाला सुट्टी. विषय मोटरसायकलचा आहे, आणि तोही इंग्लंडातल्या. पण ज्यांनी फेरफार न बघता नुसता सातबारा बघून जमीन घेतली आणि नंतर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांना हा विषय अजिबात परका वाटणार नाही.

निमित्त असं. आपल्या भागातला एक मुलगा बर्मिंगहॅमकडे नोकरीला आहे. घरी वडिलांची बुलेट होती, त्यामुळे वेड लहानपणापासूनचं. त्याने एक जाहिरात पाठवली. १९५८ ची रॉयल एनफिल्ड ट्रायल्स, 'वर्क्स रेप्लिका', 'मॅचिंग नंबर्स', जुन्या काळची पाटी. खाली लिहिलं होतं, "दादा, दोन वर्षांची बचत जाईल. घेऊ का?"

मी मेकॅनिक नाही. पण कागद वाचणं हा रोजचा धंदा आहे. म्हणून या गाड्यांचा इतिहास वाचत गेलो आणि त्यातच गुंतलो.

आधी ट्रायल्स म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे हा खेळ फारसा नाही. ही रेस नव्हे. इथे वेगाला किंमत नाही. ओढ्यातले गोटे, चिखलाची चढण, झाडांची मुळं, असा एक छोटा टप्पा आखलेला असतो आणि तो पाय न टेकता पार करायचा. पाय टेकला की दंडाचे गुण, गाडी थांबली की जास्त दंड. ज्याचे दंडाचे गुण सगळ्यात कमी, तो जिंकला. या खेळाची पंढरी म्हणजे स्कॉटलंडमधली सहा दिवसांची ट्रायल. फोर्ट विल्यमच्या आसपासच्या डोंगरात ती होते. १९६१ साली गॉर्डन जॅक्सन या स्वाराने एजेएस गाडीवर सहा दिवसांत मिळून फक्त १ गुण गमावला होता. सहा दिवसांत एकदाच पाय टेकला! इंग्लंडातली जुनी माणसं आजही त्या एका पावलाबद्दल बोलतात.

१९५० च्या दशकात इंग्लंडातल्या सगळ्या मोठ्या कंपन्या यात उतरलेल्या होत्या. एरियल, एजेएस, मॅचलेस, बीएसए, ट्रायम्फ, रॉयल एनफिल्ड. चिखलात जिंकलेली गाडी सोमवारी दुकानात विकली जाते, असा साधा हिशोब. आपली बुलेटही यातूनच वर आली. १९४८ साली इटलीत सान रेमोला झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नव्या बुलेटच्या स्वारांनी सुवर्णपदकं मिळवली, तीही मागच्या चाकाला शॉकअप लावून. तेव्हा ट्रायल्समध्ये मागे शॉकअप म्हणजे थट्टेचा विषय होता. पुढे जॉनी ब्रिटनने बुलेटवर १९५२ आणि १९५७ अशी दोनदा स्कॉटलंडची ट्रायल जिंकली आणि थट्टा थांबली.

आता मुद्द्याची गोष्ट. कंपनीच्या पगारी स्वाराची गाडी, म्हणजे 'वर्क्स' गाडी, आणि दुकानात मिळणारी गाडी दिसायला सारखी असली तरी आतून वेगळी असे. वर्क्स गाडीवर कंपनीचे कारागीर आठवडाभर हात चालवायचे. इथली पट्टी काप, तिथे हलका धातू लाव, फूटरेस्ट मागे घे. आज खऱ्या वर्क्स गाडीची किंमत तिच्यासारख्या दिसणाऱ्या गाडीच्या कितीतरी पट आहे. आणि जिथे किमतीत एवढा फरक, तिथे खोटं करणारे हात आलेच.

मग ओळखायचं कसं? पहिला माग पाटीचा. तिथले जुने नंबर आपल्यासारखेच जिल्हा सांगतात. एमएच ०९ म्हटलं की आपल्याला कोल्हापूर दिसतं, तसं तिथे तीन अक्षरांतली शेवटची दोन अक्षरं नोंदणीची जागा सांगायची. जॉनी ब्रिटनच्या बुलेटचा नंबर एचएनपी ३३१. एनपी म्हणजे वूस्टरशायर, आणि रेडिचचा एनफिल्ड कारखाना त्याच परगण्यात. जॅक्सनची एजेएस १८७ बीएलएफ. एलएफ म्हणजे लंडन, आणि एजेएसचा कारखाना लंडनच्या प्लमस्टेडमध्ये. सॅमी मिलरची प्रसिद्ध एरियल जीओव्ही १३२. ओव्ही म्हणजे बर्मिंगहॅम, एरियलचं गाव. वर्क्स गाडीची पहिली नोंद कंपनीच्या नावावर, कंपनीच्या जिल्ह्यात व्हायची. कोणी 'वर्क्स एरियल' म्हणून विकत असेल आणि पाटी भलत्याच परगण्याची असेल, तर आधी त्याचं कारण विचारायचं.

पण पाटी जुळली म्हणजे काम झालं असं समजू नका. खरी गंमत इथेच आहे.

जीओव्ही १३२ चंच घ्या. सॅमी मिलर हा बेलफास्टचा माणूस, १९५९ पासून सलग ११ वर्षं ब्रिटनचा ट्रायल्स विजेता. त्याच्याकडे ही ५०० सीसीची एरियल होती. १९५९ मध्ये एरियल कंपनीने मोठ्या फोर-स्ट्रोक गाड्या बनवणं बंद करून टाकलं. मिलरने मात्र गाडी सोडली नाही. दरवर्षी तिच्यातलं काहीतरी काढायचं, काहीतरी हलकं घालायचं. रेनॉल्ड्स ५३१ नळीची हलकी चासी आली, फायबरग्लासची टाकी आली. ज्या गाडीवर त्याने १९६२ आणि १९६४ ची स्कॉटलंडची ट्रायल जिंकली, तिच्यात १९५५ च्या गाडीचं उरलेलं काय, असं विचारलं तर पाटीपासून मोजायला सुरुवात करावी लागेल. आणि ही फसवणूक नव्हती. सगळ्याच कंपन्यांच्या स्पर्धा विभागात हे चालायचं. नवी चासी आली की जुनीच पाटी तिच्यावर चढवायची, कारण नव्याने नोंदणीची कटकट कोण करणार? त्यामुळे एकाच नंबराखाली दोन-तीन गाड्या होऊन गेल्या असतील, तर त्यातल्या प्रत्येकीचा उरलेला सांगाडा 'मीच ती' म्हणू शकतो.

जीओव्ही १३२ आज हॅम्पशायरमध्ये न्यू मिल्टनला मिलरच्याच संग्रहालयात आहे. तिच्याबद्दल शंका नाही, कारण ती कोणाच्या हातात होती ते माहीत आहे. बाकीच्या गाड्यांचं नशीब एवढं चांगलं नव्हतं.

कारण १९६४ च्या अखेरीस मिलर स्पेनच्या बुल्ताको कंपनीकडे गेला. बार्सिलोनाजवळच्या कारखान्यात बसून त्याने एक टू-स्ट्रोक गाडी तयार करवून घेतली. शेर्पा टी. वजन शंभर किलोच्या आत. १९६५ ची स्कॉटलंडची ट्रायल त्याने तिच्यावर जिंकली. त्या गाडीचा नंबर ६६९ एनएचओ, एचओ म्हणजे हॅम्पशायर, मिलरचं स्वतःचं घर. म्हणजे कंपनी स्पेनची आणि पाटी स्वाराच्या गावची. नियम असा एका गाडीत बदलतो, म्हणून नियम पाठ करून गाडी घेता येत नाही. पुढच्या वर्षी बीएसएवर अॅलन लॅम्पकिन जिंकला, पण इंग्लिश गाड्यांचा तो अस्तच होता. पाचशे सीसीचं धूड घेऊन आता ओढ्यात कोण उतरणार?

तेव्हा या जुन्या गाड्यांना काडीची किंमत राहिली नाही. पोरांनी पाच-दहा पौंडांत घेतल्या, दिवे काढले, पट्ट्या करवतीने कापल्या, कुठल्याही गाडीचा फोर्क कुठल्याही चासीला लावला. कोणी इंजिन काढून दुसऱ्या गाडीत घातलं. उरलं ते भंगारात. आपल्याकडे जुन्या राजदूतचं जे झालं तेच. इंजिन पाण्याच्या पंपाला, चाकं हातगाडीला.

आणि मग वीस वर्षांनी लोकांना त्यांची आठवण आली. १९८४ पासून स्कॉटलंडमध्ये किनलॉक्लेव्हन गावात 'प्री-६५' ट्रायल सुरू झाली. १९६५ पूर्वीच्या, म्हणजे बुल्ताकोने सगळं पालटण्यापूर्वीच्या पद्धतीच्या गाड्यांसाठी. ती इतकी लोकप्रिय झाली की भंगारातल्या गाड्यांना भाव आला, आणि मग भंगारही संपलं. मग काय करायचं? बनवायचं! कारागिरांनी नव्या चासी घडवल्या. बाहेरून जुन्या घाटाचा फोर्क, आत आजचे भाग. इंजिन ट्रायम्फच्या छोट्या टायगर कबचं, कारण ती २०० सीसीची गाडी १९६८ पर्यंत भरपूर बनली आणि स्वस्तात मिळायची. रॉय पेप्लोने १९५९ ची स्कॉटलंडची ट्रायल कबवरच जिंकली होती, त्यामुळे नावही होतं. आयोजकांना पुढे तपासणी कडक करावी लागली.

म्हणून जाहिरातीत 'प्री-६५' दिसलं की ते स्पर्धेच्या गटाचं नाव समजा. गाडी कधी बनली ते त्यातून कळत नाही. गेल्या महिन्यात बनवलेली गाडीही प्री-६५ असू शकते, आणि तसं लिहिणारा खोटं बोलत नसतो.

'रेप्लिका' हा त्याहून फसवा शब्द. आपण म्हणतो रेप्लिका म्हणजे नक्कल. पण इंग्लंडात कंपन्याच हा शब्द मोठ्या अभिमानाने वापरायच्या. आमच्या विजेत्याच्या गाडीसारखी गाडी तुम्हालाही देतो, या अर्थाने. एनफिल्डने स्वतः 'वर्क्स रेप्लिका' विकली. स्पेनच्या ओसा कंपनीने १९७० च्या दशकात मिक अँड्र्यूजच्या नावाची गाडी काढली, तिच्या नावातच रेप्लिका आहे, आणि ती शंभर टक्के कारखान्याची गाडी आहे. तेव्हा 'वर्क्स रेप्लिका' या दोन शब्दांत कंपनीची दुर्मिळ गाडी बसते आणि गल्लीतल्या गॅरेजात जोडलेलीही बसते. विकणारा कुठल्या अर्थाने म्हणतोय, ते लेखी विचारावं. तोंडी उत्तराला काही अर्थ नाही, हे गाडीच्या बाजारात सगळ्यांना माहीत आहे.

आता 'मॅचिंग नंबर्स'. हे वाचून आपला माणूस भाळतो, कारण आपल्याला वाटतं चासी आणि इंजिनवर एकच आकडा असणार. बुल्ताकोत तसं असतं. चासीचा आणि इंजिनचा आकडा जुळतो, अक्षर तेवढं वेगळं. पण १९५० च्या दशकातल्या एजेएस, मॅचलेस, बीएसए गाड्यांत इंजिनची मालिका वेगळी आणि चासीची वेगळी. ते आकडे कधीच सारखे नव्हते. अशा गाडीवर दोन्हीकडे तंतोतंत एकच आकडा दिसला, तर खूश होण्याऐवजी घाबरायला हवं! तिथे 'मॅचिंग' म्हणजे एवढंच की कारखान्यातून गाडी पाठवताना वहीत जी जोडी लिहिली, तीच जोडी आजही एकत्र आहे. आणि ते गाडी बघून कळतच नाही. वही बघावी लागते.

या वह्या आहेत, हे मला फार भारी वाटलं. कंपन्या बुडाल्या, कारखाने पाडून घरं झाली, पण पाठवणीच्या वह्यांतल्या बऱ्याच वाचल्या. एजेएस आणि मॅचलेसच्या वह्या त्या गाड्यांच्या मालकांच्या क्लबकडे आहेत. बीएसए, ट्रायम्फच्या नोंदी बर्टनच्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबकडे. थोडी फी भरा, चासी आणि इंजिनचा नंबर द्या. ही गाडी अमुक तारखेला अमुक दुकानदाराकडे गेली, मॉडेल अमुक, असं उत्तर येतं. आपल्या भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन आलेल्या माणसाला हे वाचून काय वाटेल ते मी लिहीत नाही.

वही का महत्त्वाची, त्याचं एक उदाहरण. एजेएसची ३५० सीसीची रस्त्यावरची गाडी १६एम, आणि स्पर्धेची १६एमसी. मॅचलेसमध्ये जी३एल आणि जी३एलसी. फरक नावात एका 'सी'चा. १९५० पासून स्पर्धेच्या गाडीला अॅल्युमिनियमचं हेड आणि सिलिंडर यायचं, म्हणजे यंत्रात फरक होताच. पण ते भाग सुटे मिळतात, आणि 'सी'चा पंच कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात. हातोड्याच्या एका घावात साधी गाडी ट्रायल्सची होते. वहीत मात्र तो 'सी' मागाहून घुसवता येत नाही.

पंच केलेला नंबर बघायचीही एक रीत आहे. जुने नंबर हाताने ठोकलेले असायचे, त्यामुळे ओळ थोडी वाकडी असणं हा दोष नाही. उलट सगळी अक्षरं आखीव, कडा धारदार आणि भोवतीचा धातू कानशीने घासून सपाट केलेला, असं दिसलं तर जपून. रंगाचा ताजा थर फक्त तेवढ्याच जागी असेल तर अजूनच जपून. आपल्याकडचा कुठलाही जुना गॅरेजवाला हे अंधारात बोट फिरवून सांगेल.

तिसरा माग कागदांचा. इंग्लंडात १९७० च्या दशकापर्यंत प्रत्येक गाडीला घडीचं लॉगबुक असायचं. मालक बदलला की स्थानिक कौन्सिलचा शिक्का, इंजिन बदललं तरी नोंद. आपल्या फेरफारासारखंच. वर्क्स गाडीच्या लॉगबुकात पहिलं नाव कंपनीचं दिसायला हवं. मग सगळी नोंदणी स्वान्सीच्या संगणकावर गेली, आणि १९८३ च्या अखेरपर्यंत ज्यांनी जुना नंबर तिथे चढवला नाही, त्यांचा नंबर गेला. गोठ्यात पडलेल्या कितीतरी खऱ्या गाड्यांचे नंबर असे गेले. त्यातल्या काहींना पुढे क्लबच्या दाखल्यावर आपला नंबर परत मिळाला, काहींना त्यांच्या वयाला साजेसा दुसराच नंबर मिळाला. दुसरीकडे जुन्या नंबरांचा बाजार तयार झाला. तिथे पाटी गाडीपासून सोडवून वेगळी विकता येते. म्हणजे अस्सल गाडीवर परकी पाटी आणि भलत्याच गाडीवर नामांकित पाटी, दोन्ही कायदेशीर.

आपल्या मुलाच्या गाडीचं इथेच उलगडलं. तिथला नियम असा आहे की गाडी आहे त्यापेक्षा नवी भासेल असा नंबर लावता येत नाही. जुनी भासेल असा चालतो! तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर पाटीचा नंबर टाकला की गाडीच्या निर्मितीचं वर्ष फुकट दिसतं. त्याला ते बघायला सांगितलं. पाटी १९५० च्या दशकातली, पण निर्मितीचं वर्ष १९८० च्या दशकातलं. चासी नंबरचा फोटो मागवला, तर पद्धत रेडिचची नव्हतीच. गाडी आपल्या मद्रासची!

आणि यात नवल काही नाही. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि तिरुवोट्टियूरला बुलेट बनू लागली. तिकडे रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, इकडे तीच गाडी जवळजवळ त्याच रूपात बनत राहिली. १९७७ पासून आपण ती इंग्लंडलाच निर्यात करू लागलो. त्यामुळे इंग्लंडात जुनी ट्रायल्स बुलेट उभी करायची तर सगळ्यात सोपा कच्चा माल म्हणजे भारतीय बुलेट. मडगार्ड बदला, टाकी छोटी बसवा, सायलेन्सर वर उचला, सीट काढून एकट्याची बैठक लावा. लांबून जॉनी ब्रिटन वाटेल.

विकणाऱ्याला सरळ विचारल्यावर त्यानेही लपवलं नाही. म्हणाला, रेप्लिका लिहिलंय ना, आणि पाटी मी हौसेने विकत घेतलीय. बरोबरच आहे त्याचं. फक्त किंमत त्याने रेडिचची लावली होती. मुलाने मद्रासच्या बुलेटची किंमत सांगितली. सौदा झाला नाही.

आता कोणी म्हणेल, मूळ कारखान्याची नाही ती सगळी खोटी. हे मला पटत नाही. मिलरने १९७० च्या दशकात बुल्ताकोसाठी स्वतःची चासी काढली होती, 'हाय-बॉय' नावाची. शेर्पाचं इंजिन काढून लोक त्या चासीत बसवायचे. ती गाडी बुल्ताकोच्या कारखान्यातून आलेली नाही, पण ती त्या काळाची अस्सल गाडी आहे, आणि मूळ चासी शोधून तिला 'ओरिजिनल' करणं म्हणजे तिचा इतिहास पुसणं. तसंच एखाद्या क्लबच्या स्वाराने १९६० मध्ये करवतीने कापलेली पट्टी. ती कापलेलीच राहू द्यावी.

उलट प्रश्नही एकदा कोर्टात गेला होता. मोटरसायकलचा नव्हे, कारचा. १९२९ आणि १९३० ची ल मान्सची शर्यत जिंकलेली बेंटली, 'ओल्ड नंबर वन'. १ कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि घेणारा मागे फिरला. त्याचं म्हणणं, या गाडीत जिंकलेल्या गाडीचं जवळपास काहीच उरलेलं नाही, मग ही ती कशी? १९९० मध्ये इंग्लंडच्या न्यायमूर्तींनी निकाल दिला की हीच ती गाडी. भाग बदलत गेले, पण गाडी कधी मोडून संपली नाही आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली नाही. तिचा प्रवास अखंड आहे. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा दगड नवे येतात, पण देऊळ तेच राहतं. असं काहीसं ते आहे.

याचा अर्थ कुठल्याही पाटीखाली कुठलाही सांगाडा चालेल असा नाही. त्या बेंटलीच्या प्रत्येक बदलाचा माग लावता आला, म्हणून ती टिकली. ट्रायल्स गाडी विकणाऱ्याकडे मधल्या तीस वर्षांचं काहीच नसेल, ना लॉगबुक, ना जुना फोटो, ना आधीच्या मालकाची चिठ्ठी, तर ती गाडी कदाचित खरी असेलही. पण पैसे मात्र सुट्या भागांचेच द्यावेत. त्या काळच्या इंग्लिश साप्ताहिकांत दर स्पर्धेचे फोटो छापून यायचे. ज्यांना खरंच वर्क्स गाडी घ्यायची असते, ते टाकीवरचा पोचा आणि पट्टीचा झाळलेला सांधा त्या फोटोंशी भिंग लावून ताडून बघतात.